सदतीस मेंढरं आणि माझा निळा रंग

गेली अठरा वर्षं मी माणसांना एकच प्रश्न विचारत आले आहे. "कशाला रंग ठेवू?"

बाहेरच्या माणसाला यातून काही कळणार नाही, म्हणून आधी काम सांगते. सोनपेठला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. पुढं काउंटर, भिंतीला फ्रेमा आणि मागं पडदा लावलेली एक खोली. त्या खोलीत कॉम्प्युटरपुढं मी बसते. फोटो काढायला मी जात नाही. लग्न, बारसं, सत्कार, तिथं फोटोग्राफर मंडळी जातात आणि कॅमेऱ्याची कार्डं आणून माझ्या टेबलावर टाकतात. मी त्यातले डोळे मिटलेले बाजूला काढते, पुटकुळ्या पुसते, कुणाचं सुटलेलं पोट जरा आत घेते. आणि गिऱ्हाइकाची हौस असेल तर सगळा फोटो काळापांढरा करून त्यातली एकच गोष्ट रंगीत ठेवते. नवरीचा चुडा तेवढा हिरवा, बाकी जग राखाडी. आमच्याकडं याला 'एक कलर' म्हणतात. 'एक कलर'चं काम या तालुक्यात माझ्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही. हे मीच सांगते, कारण आता सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. हल्ली ते मोबाईलवर एका बोटात होतं. कडा फाटक्या येतात, बोटांच्या मधला रंग सांडलेला असतो, पण लोकांना चालतं.

मी बी.ए. आहे. माझा बाप सालगडी होता, आई अंगठा उठवायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं पदवीचं सर्टिफिकेट मी लॅमिनेशन करून काउंटरच्या मागं लावलंय, देवाच्या फोटोच्या खाली आणि घड्याळाच्या वर. गिऱ्हाइकाला दिसलंच पाहिजे अशा जागी. कुणी याला मिरवणं म्हणेल. म्हणू दे. बापानं ते सर्टिफिकेट हातात धरून उलटंपालटं करून बघितलं होतं, मागच्या कोऱ्या बाजूलाही काही लिहिलंय का म्हणून.

माझं लग्न झालं नाही. का, ते या लेखात बसत नाही.

या कामात एक गोष्ट होते, ती कुणाला सांगितली तर हसतील. मला सगळे ओळखीचे वाटतात. चेहरा पडद्यावर चारपट मोठा करून मी तासन् तास त्याच्याकडं बघते. कुणाच्या भुवईत जखमेची रेघ आहे, कुणाचा एक दात दुसऱ्यावर चढलाय, हसताना कुणाचा डावा डोळा आधी बारीक होतो, सगळं पाठ. मग आठवडी बाजारात ती बाई समोरून येते. मी हसते. ती मागं वळून बघते, ही बाई कुणाकडं बघून हसली म्हणून. तिच्या लग्नातले सातशे फोटो मी बघितलेत, तिची आई कुठल्या क्षणी रडायला लागली तेसुद्धा मला माहीत आहे. पण मी त्या लग्नात नव्हते. मी कुठल्याच लग्नात नव्हते. भेंडी निवडून घ्यायची आणि घरी जायचं.

आता प्रश्नाकडं येते. 'कशाला रंग ठेवू?' म्हटलं की माणूस काय सांगतो, त्यावरून तो माणूस कळतो. एका तरुण शेतकऱ्यानं स्वतःला राखाडी ठेवलं आणि ट्रॅक्टर लाल. शेजारी बायको होती, तीही राखाडी. "ट्रॅक्टर नवा हाय ना म्याडम," म्हणाला. एका जोडप्यानं लग्नाआधी पिंगळीच्या रेल्वे स्टेशनवर फोटो काढून घेतले होते. नवरदेव येऊन सांगून गेला, "माझा ब्लेझर तेवढा निळा ठेवा." तासाभरानं नवरीचा फोन. हळू आवाजात, घरातून बोलत असावी. "ताई, मला पण थोडा रंग भरा ना. त्यांना नका सांगू." मी तिच्या ओढणीचं एक टोक, वाऱ्यावर उडालेलं, पिवळं ठेवलं. एवढंसं. नवरदेव अल्बम घेऊन गेला, त्याला दिसलंसुद्धा नाही. तिला दिसलं असणार.

आणि एक गुरुजी यायचे, निवृत्त. पोखर्णीच्या नरसिंहाला बायकोबरोबर गेले होते तेव्हाचा मंदिराच्या पायऱ्यांवरचा फोटो. बायको वारली होती. पहिल्यांदा म्हणाले, "हिची साडी रंगीत ठेवा." दोन महिन्यांनी आले, "साडी नको, काठ तेवढा." मग पुन्हा आले, "काठ नको, हातातली पिशवी." पिशवी मोरपंखी होती, प्रसादाची. दर वेळी नवीन प्रिंट न्यायचे आणि थोडा वेळ बसायचे. काउंटरच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी, फार बोलणं नाही. ते यायचे बंद झाले, तेव्हा मी चौकशी केली नाही. चौकशी केली की उत्तर मिळतं.

एवढं सांगितल्यावर माझ्या चुकीकडं येते. लिहायचं ते तिच्याबद्दलच होतं, बाकीचं सगळं आधी आलं.

'एक कलर'चे दोन प्रकार असतात. फोटो मुळात रंगीत असेल तर रंग आतच असतो. बाकीचा झाकायचा आणि हवा तेवढा उघडा ठेवायचा. यात खोटं काही नाही. दुसरा प्रकार, फोटो मुळातच काळापांढरा. आत रंग नाहीच. तिथं रंग आपण भरायचा, बाहेरून. अवघड हे असतं, की काळ्यापांढऱ्यात लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात. फोटोतला पटका लाल होता की हिरवा, हे फोटो सांगत नाही. माणसाला विचारावं लागतं. नवीन पोरींना मी हेच शिकवायचे, जेव्हा शिकायला पोरी यायच्या. आधी विचारा, मग भरा.

दोन वर्षांपूर्वी कोंडाबाई आली. सत्तरीची, धनगराची, हातात मोबाईल दस्तीत गुंडाळलेला. मोबाईल थोरल्या लेकाचा, खंडूचा. त्यात तिच्या मालकाचा एक फोटो होता. कुणी शहरातला फोटोग्राफर काही वर्षांपूर्वी रानात येऊन काढून गेला होता आणि त्यानं तो पाठवून दिला होता. काळापांढरा. शहरातली माणसं मेंढपाळाचा फोटो काढतात तो काळापांढराच का काढतात, मला कळलेलं नाही. तेवढा रंगीत माणूस दुसरा सापडत नाही. पण फोटो चांगला होता. म्हातारा काठी खांद्यावर आडवी धरून उभा, पाठीमागं उन्हात पसरलेला कळप, एक लहान मेंढी त्याच्या पायाशी.

"ह्यो मोठा करून दे बाई, भितीला लावाया," कोंडाबाई म्हणाली. "मालकाचा दुसरा फोटू न्हाई. येत्या महिन्यात वरीस घालायचंय. त्या दिशी माजी दोन्ही लेकरं एका पंगतीला बसावीत, एवढंच मागणं हाय. बापाच्या म्होरं तरी बसतील."

"हो हो, बसतील की," मी म्हणाले. माझं लक्ष पडद्यावर. गिऱ्हाईक घरचं सांगायला लागलं की मान हलवायची, ही सवय झालेली. ती दोन लेकरं एका पंगतीला का बसत नसतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मला कळपातल्या मेंढ्यांच्या पाठीवर गडद डाग दिसत होते. रस्त्यानं कळप जाताना आपण बघतो, प्रत्येक मेंढीच्या पाठीवर रंगाचा एक फटका असतो, मालकाची खूण. म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी काढता येते. मला तो फोटो डोळ्यापुढं तयार दिसायला लागला. सगळं काळंपांढरं, आणि त्यात खुणा तेवढ्या रंगीत.

"आजी, नुसता मोठा काय करायचा? मी यात रंग भरते. बघा कसा उठून दिसेल."

तिनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा भिंतीवरच्या सर्टिफिकेटाकडं. "तुला कळतं तसं कर माय. तू शिकलेली हायस."

खुणेचा रंग कोणता, हे मी तिला विचारलं नाही. फोटो माझ्याकडं घेतला आणि ती बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी खंडू कळप घेऊन थांबला होता. मी दारातून बघितलं, सगळ्या मेंढ्यांच्या पाठीवर निळा. झालं, खात्री झाली. मला तर उलट अभिमान वाटला, की बघा, न विचारता शोधून काढलं.

चार दिवस मी ते काम केलं. मेंढरं मोजली, सदतीस होती. प्रत्येकीच्या पाठीवर वेगळ्या लेअरवर निळा. लोकरीवर रंग सपाट बसत नाही, केसाकेसाला सुटतो, तसाच तो सुटलेला दाखवला. काही मेंढ्यांच्या पाठीवर डाग दिसतच नव्हता. तिथं मी स्वतःहून भरला. कळप एका मालकाचा, म्हणजे खूण सगळ्यांना असणारच. असा हिशेब मी केला. फ्रेम तयार झाल्यावर काउंटरवर उभी करून दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले. मला वाटलं, आपण आजवर केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. कोंडाबाई फ्रेम डोक्यावर घेऊन गेली. तिला त्या निळ्यातलं काय दिसलं कोण जाणे. तिची नजर नवऱ्याच्या तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी एक माणूस तीच फ्रेम काखेत मारून आला. पस्तिशीचा, अंगात बंडी. फ्रेम काउंटरवर ठेवली, काचेवरची धूळ दस्तीनं पुसली.

"म्याडम, ह्यो फोटू तुमी रंगविला का?"

"हो, मीच. आवडला का?"

"मी मारुती. कोंडाबाईचा धाकला. माय ही फ्रेम घेऊन माह्या मेंढरांच्या वाड्यावर आल्ती काल, दाखवाया." त्यानं एका मेंढीवर बोट ठेवलं. "निळा कुणी सांगितला?"

"सांगितला कुणी नाही. तुमचा कळप रस्त्यावर बघितला, त्यावरून."

"त्यो दादाचा कळप. माही खूण लाल हाय."

मी फ्रेम माझ्याकडं वळवली.

"बा गेला, मंग वाटणी झाली. अर्धी त्याला, अर्धी मला. तव्हापून तोंड बघत न्हाई आमी एकमेकाचं. पर ह्यो फोटू त्याच्या आधीचा हाय म्याडम. तव्हा कसलीच खूण न्हवती. बाला मेंढरू तोंडावरून वळखू यायचं. दुसऱ्याच्या दोनशे मेंढरात आपलं एक गेलं तरी उभ्या उभ्या दावायचा. रंग आमाला लागला, आमा दोघांला."

"पण पाठीवर डाग..."

"जल्माचे हायेत त्ये."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे मला येतं. तो फ्रेमकडं बघतच राहिला.

"मी न्हाई बगा ह्या फोटूत. पानी आनाया गेल्तो त्या दिशी. फोटूत न्हाई त्याचं काही न्हाई. पर मेंढरं बी सगळी दादाचीच? मंग मी व्हतो का न्हवतो बाच्या घरात?"

फ्रेम तिथंच ठेवून तो पायरी उतरला. खालून म्हणाला, "मायला सांगा. वरसाला मी यायलो न्हाई."

निळा पुसायला मला एक सेकंद लागला. सगळे लेअर निवडायचे आणि डिलीट. खाली मूळ फोटो जसाच्या तसा. मी त्याच्याकडं बघत बसले. मग मला एक आठवलं. मी चार-पाच वर्षांची असताना बाप ज्या शेतात राबायचा तिथं खतासाठी मेंढरं बसवायचे. दिवस मावळायच्या वेळी धनगराची बाई कोकरं सोडायची, प्रत्येकाला उचलून त्याच्याच आईपाशी नेऊन ठेवायची. शंभर आया आणि शंभर लेकरं. मी बापाला विचारलं होतं, हिला कसं कळतं? बाप म्हणाला होता, "तोंड बघती की." म्हणजे मला हे माहीत होतं. शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. शिकले, सर्टिफिकेट लावलं, आणि म्हातारीला एक प्रश्न विचारायचा राहिला. शिकलेल्या माणसाला विचारायला लाज वाटते, दुसरं काय.

अठरा वर्षांत मी कधी गिऱ्हाइकाच्या घरी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून गेले. खंडूच्या कळपाचा तळ गावाबाहेर एका नांगरलेल्या रानात होता. खंडू मेंढरं घेऊन चारायला गेलेला, कोंडाबाई तीन दगडांवर भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, मारुतीचा निरोपही. तिनं भाकरी उलटली.

"मेंढराला काय ठावं, निळं काय अन् लाल काय," म्हणाली. मग पुढचा गोळा हातात घेतला. "मंग आता त्यो येत न्हाई म्हन."

"आजी, मी रंग काढून टाकलाय. सगळा. तसाच फोटो देते."

"काढून टाकल्यानं त्याला काय कळनार? त्यानं तर बघितलाच की." तव्यावरची भाकरी तिनं काढून निखाऱ्यावर उभी केली. "खरा रंग भर."

"खरा कोणता?"

"ज्याचा त्याचा. एक काळी हाय, एक तांबडी हाय, एक नुसती मातीसारखी. फोटूत समदी सारकीच केलीत तुमी. मालकाला दिसत हुत्या तशा कर."

"मला काय माहीत कोणती कशी होती?"

"तुला न्हाई. मला थोड्या ठाव्या. खंडूच्या वाट्याची खंडूला, मारुतीच्या वाट्याची मारुतीला. दोघांला बलाव तुझ्या दुकानात."

"माझ्या बोलावण्यानं येतील?"

"माझ्यानं येनार न्हाईत. तुझ्यानं यायलाच लागतंय. फोटूवाल्या म्याडमनं बलावलं म्हनजे काम हाय. मी बलावलं की भांडन हाय."

मी दोघांना वेगवेगळा फोन केला. वेळ एकच दिली. दुसराही येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. 'तुमच्याशिवाय होणार नाही' एवढंच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

खंडू आधी आला. दांडगा, मिशीचा, शब्द मोजून बोलणारा. मी त्याला आत स्टुलावर बसवलं. थोड्या वेळानं मारुती आला, पडदा सरकवला, स्टुलावर कोण आहे ते बघितलं आणि मागं वळला. मला वाटलं गेला. पण तो बाहेरच्या पायरीवर बसला, गल्लीकडं तोंड करून.

"मी हितंच बरा."

मग मी मॉनिटर उचलला, वायरी जेवढ्या पुरतील तेवढा पुढं आणून काउंटरवर ठेवला. खंडूला काउंटरच्या आतून दिसत होतं, मारुतीला पायरीवरून मान वळवली की. मधे मी, माऊस हातात.

"ही कोणती?" पहिल्या मेंढीवर मी बाण नेला.

"चांदी. कपाळ पांढरं, अंग करडं," खंडू म्हणाला. पायरीवरून काही आलं नाही.

"ही?"

"भुंडी. काळी."

"ही?"

"ही मोरी. तांबडी, डोळ्यावर पांढरी कोर. हाय अजून माह्यापाशी, म्हातारी झाली."

पाच-सहा अशा गेल्या. मग मी एका मेंढीवर आले, खंडू म्हणाला, "काळी." आणि पायरीवरून आवाज आला.

"म्याडम, त्यांला म्हनावं, ती काळी न्हवं. तांबडी."

खंडूनं माझ्याकडं बघितलं. "त्याला म्हनावं, जल्मली तव्हा तिला हातात घेतलं कुणी? म्या. काळी."

"त्यांला म्हनावं, हातात घेतलं अन् खाली ठिवलं. बाटलीनं दूद कुणी पाजलं तिला? अन् उन्हात वळली कुणी? तांबडी हाय."

"दूद पाजल्यानं रंग कळतो का, इचारा त्याला."

"मी मधे आहे," मी म्हणाले. "मला दोघांचं ऐकू येतंय. अर्धी काळी अन् अर्धी तांबडी करू का?"

खंडू हसला नाही. मारुतीनं तोंडावर दस्ती धरली. पण मी खरंच तसं केलं. काळी लोकर वर्षभर उन्हात राहिली की शेंड्याला तांबूस होते. सावलीच्या बाजूला काळी ठेवली, ऊन पडलेल्या पाठीवर तांबूस सोडला. दोघंही ती बघत राहिले.

"हा," खंडू म्हणाला. पायरीवरूनही एक "हा" आला.

त्यानंतर काम पळालं. तिरळी, खैरी, शिंगमोडी, जत्रेतून आणलेली ती. मारुतीच्या वाट्याची मेंढी आली की खंडू गप्प बसायचा आणि खंडूच्या वाट्याची आली की मारुती, पण आता गप्प बसणाऱ्याच्या ओठात नाव आधी आलेलं मला दिसत होतं. कोणती कुणी विकली, कोणती लांडग्यानं नेली, कोणती पुरात पलीकडं राहिली आणि तीन दिवसांनी एकटीच पोहून आली. मी रंग भरत होते आणि ऐकत होते. त्या दिवशी खरंच ऐकत होते.

शेवटी एकच राहिली. म्हाताऱ्याच्या पायाशी उभी असलेली लहानगी. "ही?"

खंडूला आठवेना. पायरीवरूनही काही येईना. मी मारुतीकडं बघितलं. तो उठला होता. पायरी चढून आत आला, काउंटरवरून वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेला. खंडूनं स्टूल थोडं बाजूला सरकवलं.

"दादा," मारुती म्हणाला, "ही बाच्या पायात यायची ती न्हवं का? चालू द्यायची न्हाई त्याला."

"लाडी," खंडू म्हणाला.

"लाडीच."

मी विचारू नये ते विचारलं. "ही कुणाच्या वाट्याला आली?"

खंडूनं पडद्यावर लाडीच्या पाठीला बोट लावलं. मग खंडू म्हणाला, "कुणाच्याच न्हाई. बा गेला त्याच महिन्यात मेली."

"मग रंग कोणता भरू?"

"पांढरी व्हती म्याडम," मारुती म्हणाला. "नुसती पांढरी. डाग न्हवता तिला."

पांढरी मेंढी काळ्यापांढऱ्या फोटोत पांढरीच दिसते. तिला काही भरायचं नव्हतं. मी माऊस सोडून दिला. दोन भाऊ तिथं तसेच वाकून उभे होते, एकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्याला लागला होता आणि तो कुणी काढून घेतला नाही. म्हाताऱ्याला मी रंग दिला नाही. तोही राखाडी, जमीन राखाडी, आकाश राखाडी. कळप तेवढा जसा होता तसा.

दोन फ्रेमा केल्या, एकेकाला एकेक.

वरसाच्या जेवणाला कोंडाबाईनं मला बोलावलं आणि मी गेले. फोटो झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवला होता, हार घातलेला. मारुती आला होता. पंगत बसली तेव्हा तो एका टोकाला बसला, खंडू दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा-वीस पाहुणे. जेवताना एकमेकांकडं बघितलंही नाही, माझी नजर तिकडंच होती. वाटणी काही मोडली नाही. लाल लालच राहिला, निळा निळा. पण पंगत एकच होती. कोंडाबाई वाढता वाढता माझ्या पानापाशी थांबली आणि कानात म्हणाली, "एवढंच मागितलं हुतं मी." मग माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. मी मागितली नव्हती.

तिथं एक पाहुणा मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत होता. पंगतीच्या त्या फोटोत मी आहे, कडेला, अर्धी. एखाद्या कार्यक्रमातला माझा तो पहिला फोटो. मी तो त्याच्याकडून मागून घेतला आणि कॉम्प्युटरवर उघडून बघितला. कशाला रंग ठेवावा ते मला सुचलं नाही. तो तसाच आहे.

मारुतीनं परत आणलेली निळ्या मेंढरांची फ्रेम पडदा लावलेल्या खोलीत आहे, भिंतीकडं तोंड करून. फेकली नाही. काळापांढरा फोटो घेऊन कुणी आलं की मी आधी तिच्याकडं बघते आणि मग विचारत सुटते. लोक कंटाळतात. "म्याडम, तुमीच काहीतरी टाका ना," म्हणतात. मी टाकत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी गल्लीतून घंटांचा आवाज आला. मी पडद्यामागून उठून दारात आले. खंडूचा कळप चालला होता, पाठीवर निळे फटके. मी पाठीकडं बघितलं नाही. तोंडं बघत राहिले, एकेक. आणि मधे एक म्हातारी मेंढी आली, डाव्या डोळ्यावर पांढरी कोर, उजव्या कानाची कड फाटलेली. तो कान मी चारपट मोठा करून रंगवला होता.

"मोरी!" मी मोठ्यानं म्हणाले.

कळपाच्या मागून खंडूनं मान वर केली. "वळखली का म्याडम?"

"ओळखली की!"

मोरी थांबली. माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, बघितलं. मग मागच्या मेंढ्यांनी तिला ढकललं आणि ती निघाली. धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभी होते, मग आत येऊन पडदा ओढून घेतला.